मानाची तुकडी

“आप्पासाहेबांची मुलगी ना तू? वाटलंच,” असं म्हणून फाटक मॅडमनी टेस्टचा पेपर माझ्या हातात ठेवला आणि त्या पुढच्या बाकाकडे वळल्या. वर्गातले सगळ्यात जास्त मार्क माझे होते, पण ते मी नंतर पाहिले. आधी तो शब्द ऐकला. वाटलंच म्हणजे काय? काय वाटलं, आणि कधीपासून? मॅडम नारायण पेठेतल्या. तिकडची माणसं शब्द उगाच खर्च करत नाहीत, आणि केलाच तर तो टोचल्याशिवाय राहत नाही. दीड वर्ष त्या मला गणित शिकवत होत्या आणि एवढ्या काळात त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. विजयमाला हे माझं नाव त्यांना ठाऊक असेल असंही मला वाटलं नव्हतं. पण आप्पा ठाऊक होते. मी पेपर उघडला. सगळीकडे लाल बरोबरच्या खुणा. मी त्या खुणांकडे बघत बसले आणि मला त्या आवडेनात. कुणाच्या लग्नात आहेर घेऊन उभं राहावं आणि मागून कुणीतरी हळूच म्हणावं, पाकीट रिकामं आहे, तसं काहीतरी झालं. शेजारची मुलगी म्हणाली, “पार्टी!” मी तिच्याकडेही संशयानं पाहिलं. तिच्या हसण्यात काय होतं? हिलाही वाटलंच होतं की काय?

मी मुळातच संशयी. आई म्हणते, हिला देवानं डोळे द्यायच्या ऐवजी भिंगं दिलीत. मटकी निवडायला बसले तर मी चांगल्या मटकीतही खडे शोधते. पण संशयाला जागा लागते आणि ती इथं ऐसपैस होती. कॉलेजची ही इमारत उभी आहे ते आमचं हरभऱ्याचं रान. मी पहिलीत असताना इथं डहाळे उपटून खाल्लेत. आप्पांनी ते रान कॉलेजला दिलं, त्याचे पैसे रीतसर घेतले, पण गावाकडं व्यवहार पैशांनी मिटत नाही, मान उरतोच. आमच्या जत्रेत पहिली काठी कुणाची, दुसरी कुणाची, शेरणीचा प्रसाद आधी कुणाच्या हातात, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. कॉलेजनंही तसाच एक मान आप्पांना दिलाय. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथ मशीनांची पूजा होते तेव्हा नारळ आप्पा फोडतात. प्राचार्य, सूट घातलेले ट्रस्टी, सगळे मागं उभे राहतात आणि पांढरी टोपी घातलेले माझे वडील पुढं. पहिल्या वर्षी ते बघून माझी छाती फुगली होती. आता बाकावर बसल्याबसल्या मला वाटलं, नारळाचा मान देणारी माणसं मुलीलाही काहीतरी मान देणारच की. आणि मग सगळं मागं मागं उलगडत गेलं, एक टाका सुटला की अख्खी शिवण सुटते तसं.

आमच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या मुलांची गणिताची एक परीक्षा घेतात. बारावीचे मार्क काही का असेनात, इथं परत तोलून बघतात. ज्यांना जमतं ती ‘थेट’ तुकडी. त्यांना पहिल्या दिवसापासून एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं गणित. ज्यांना जमत नाही ती ‘पायाभरणी’. त्यांना दिवाळीपर्यंत परत अकरावी-बारावीचं गणित आणि मग उरलेल्या वेळात धावत-पळत एम-वन. परीक्षा शेवटी दोघांनाही विद्यापीठाची, एकच. प्राचार्यांनी स्वागताच्या भाषणात अभिमानानं सांगितलं होतं, की थेट तुकडीतली बहुतेक सगळी मुलं चार वर्षांत इंजिनिअर होऊन बाहेर पडतात आणि पायाभरणीतली निम्मी मुलं कुठंतरी अडकतात. म्हणजे आपली परीक्षा किती अचूक आहे बघा. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून फाटक मॅडम म्हणाल्या होत्या, “किंवा आपण पायाभरणी किती वाईट शिकवतो, तेही त्यावरून कळतं.” माईक चालू होता. सगळे हसले. मीही हसले होते, कारण माझी तुकडी अजून लागायची होती आणि मला कुठलीही चालली असती. तुकड्या लागायच्या आदल्या दिवशी मात्र मी आप्पांची जीप ऑफिससमोर बघितली. आप्पा उपरण्यानं तोंड पुसत बाहेर आले, मला त्यांनी बघितलं नाही. मागून शिपाई दत्तोबा चहाची किटली तशीच परत नेत होता. “आप्पासाहेबांनी चहाबी घेतला न्हाय,” असं तो मला कौतुकानं म्हणाला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझं नाव थेट तुकडीत होतं. त्या वेळी मी दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या. आता ठेवल्या. चहासुद्धा न घेता, उभ्याउभ्या काम करून निघून आलेला माणूस. केवढा रुबाब!

घरी आले तर आप्पा अंगणात बाजेवर बसून माझ्या थोरल्या भावाच्या, संपतदादाच्या मोबाईलकडे बघत होते. गावात पहिला मोबाईल दादाकडे आला, कारण टँकरच्या धंद्याला तो लागतो. नगर रोडला सोसायट्या उठल्या, पाणी नाही, मग दादाचे टँकर. दादा पैसे बरे मिळवतो. पण दादा याच कॉलेजात होता, अगदी सुरुवातीच्या मुलांत, तेव्हा ही तोलायची परीक्षा नव्हती, सगळ्यांना सरसकट एम-वन. दादा त्यात नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा गेला. शेवटच्या निकालाच्या दिवशी तो कॉलेजातून आला तो घरात न येता मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. मी नववीत होते. आई मला म्हणाली, जाऊन बघ. मी गेले, तर आप्पा आधीच तिथं होते. दादाच्या शेजारी कठड्यावर, पाय आत सोडून, दोघंही पाण्याकडे बघत. मी बोरीखाली उभी राहिले. ऊन कलेपर्यंत ते तसेच बसले, मग दादा उठला, मग आप्पा उठले, आणि घरी येऊन दोघंही जेवले. त्यानंतर आमच्या घरात गणित हा शब्द कुणी काढला नाही. दादाच्या कंपासपेटीत आता टँकरच्या नळाचे वायसर असतात. आप्पा मला बघून म्हणाले, “आलीस? जमतंय न्हवं?” हे ते रोज विचारतात. आणि रोज त्याला शेपूट जोडतात, “न्हाय जमलं तरी काय बिघडत न्हाय.” त्या दिवशी मी ते शेपूट पहिल्यांदा नीट ऐकलं. काय बिघडत नाही म्हणजे? का बिघडत नाही? सगळं बोलून ठेवलंय म्हणूनच ना? एक मुलगा गणितात गेला, दुसऱ्या वेळी ह्यांनी वाटच बांधून घेतली असणार. “टेस्टचे मार्क आले,” मी म्हणाले, “सगळ्यात जास्त आहेत.” मी त्यांच्या तोंडाकडे भिंग लावून बघत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी नुसती मान हलवली आणि दादाकडे बघितलं. झालं, म्हणाले मी मनात. ह्यांना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

त्या रविवारी वारज्याहून शकूआत्या आली होती. आत्या बोलकी. जेवताना तिनं तिच्या दिराची जुनी गोष्ट काढली. दिरानं वाटणीत आत्याच्या नवऱ्याला फसवलं तेव्हा आप्पा मध्यस्थीला वारज्याला गेले होते. दिरानं ऐकलं नाही. समोर चहा आलेला, आप्पांनी कपाला बोट लावलं नाही. “जितं आपला शबूद खाली पडला, तितल्या पान्यानं घसा वला करायचा न्हाय, आसं म्हनला आन् उटला,” आत्या सांगत होती, “आजपात्तूर त्या घरचं पानी प्याला न्हाय माजा भाऊ.” आप्पा मान खाली घालून भाकरी मोडत होते. मला वाटलं, हीच ती ताकद. सख्ख्या बहिणीच्या सासरचं पाणी तोडणारा माणूस. ज्याच्या मानाचा नारळ आहे, ज्याच्या रानावर इमारत आहे, त्याचा शब्द कॉलेज कसा खाली पडू देईल? मी ताटावरून उठले. आई म्हणाली, “हिला अलीकडं काय झालंय?”

मला झालं होतं ते दिगंबर. दिगंबर बिबवेवाडीचा, वडील शाळेत शिक्षक. बारावीला गणितात माझ्यापेक्षा पुढं, पण इथं आल्यावर पायाभरणीत. एम-वन त्याचं राहिलं, मग एम-टू राहिलं, आणि आता तो पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसतो. मी त्याला पीएमटीच्या स्टॉपवर गाठलं आणि विचारलं, त्या तोलायच्या परीक्षेत तुझं काय चुकलं होतं? त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आज सर्वे आहे का?” मी म्हणाले, खरंच सांग. “एक पान उलटायचं राहिलं,” तो म्हणाला. “मागं प्रश्न आहेत हेच बघितलं नाही. वेंधळेपणा.” मग कुणाला सांगितलं का नाहीस? “बाबांनी विचारलं, जाऊ का सरांकडे. मी म्हटलं, नको, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि मग गंमत अशी झाली की मला खरंच येईनासं झालं. आधी मी गणित सोडवायचो. आता पहिली ओळ लिहिली की वाटतं, आपण पायाभरणीतले, ही ओळ चुकलेलीच असणार. मग खोडतो. खोडायचं रबर संपतं, गणित संपत नाही.” बस आली. एक पाय वर ठेवून तो म्हणाला, “तुझं बरंय. तुमचं रानच आहे.” हे तो हसून म्हणाला, वाईट मनानं नाही. पण मी बसमध्ये चढले नाही. घर तिथून चालत येण्यासारखं होतं म्हणून नव्हे. मला त्याच्या शेजारी बसवेना. थेट तुकडीत जागा मोजक्याच होत्या. त्यातली एक मी मानानं खाल्ली आणि एक चांगला पोरगा रबर घासत बसला, असं माझ्या मनानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवसापासून मी सोडवलेल्या प्रत्येक गणिताकडे मी परक्याच्या पोराकडे बघावं तसं बघायला लागले. हे माझं की आप्पांचं? थेट तुकडीत बसवल्यावर दगडालाही चार गोष्टी येतील. मला येतं म्हणून मी तिथं होते, का तिथं होते म्हणून मला यायला लागलं?

उत्तर काढायचा एक मार्ग होता आणि तो मला भाजी चिरताना सुचला. मार्क जर आप्पांचे असतील, तर मी काहीही लिहिलं तरी ते येतीलच. तर मग चुकीचं लिहून बघायचं. पुढची टेस्ट टर्मची शेवटची. तिच्यात नापास झालं तर टर्म ग्रँट होत नाही, विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती परीक्षा खरी होती. पेपरात स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची गणितं होती, माझी आवडती. मी ती सगळी शेवटाजवळ आणून मग एकेक चिन्ह फिरवलं. अधिकचं उणं, उण्याचं अधिक. वजन शांत व्हायचं सोडून वाढत वाढत झोके घेत आभाळाला भिडावं, अशी उत्तरं आली. चुकायलाही बरोबर काय ते माहीत असावं लागतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि थोडा अभिमानही वाटला, पण मी तो दाबला. पास झाले तर आप्पा दोषी. नापास झाले तर मी सुटले, पण वर्ष बुडालं. असा सौदा कुणी शहाणं माणूस करत नाही. चार दिवसांनी दत्तोबा वर्गात चिठ्ठी घेऊन आला, फाटक मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंय. मी गेले, तर मॅडमच्या समोरच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून आप्पा बसले होते.

टेबलावर माझा पेपर होता. वर लाल शून्य. मला इतकं हलकं वाटलं, की मी जवळजवळ हसलेच. मग आप्पांचं तोंड बघितलं. दत्तोबानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “आप्पासाहेब, ही टर्म मला ग्रँट करता येणार नाही. मागच्या टेस्टला पहिली, या टेस्टला शून्य. दीड वर्षापूर्वी तुम्ही याच खुर्चीत बसून मला काय सांगितलं होतं, ते तुमच्या मुलीला ठाऊक आहे का?” मी दाराची कडी धरली. आता येणार होतं ते. एवढे दिवस मी ज्याच्या मागावर होते ते आता बाहेर पडणार होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. “तिला कशाला ठाव आसंल,” आप्पा म्हणाले. “म्या म्हन्लं व्हतं, पोरीला खालच्या तुकडीत घाला. हात जोडलं व्हतं. तुमी न्हाय म्हन्लात.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “खालच्या?” मी विचारलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. “नाही म्हटलं, कारण पेपर तिचा होता, तुमचा नव्हता,” मॅडम म्हणाल्या. आप्पा टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. “खोंडाला पयल्याच दिशी जड नांगराला जुपत न्हाईत, बाई. खांदा सुजतो. मंग ते जल्मात औताखाली मान देत न्हाय. थोरल्याचं तेच झालं. त्यो हिरीवर जाऊन बसला, म्या शेजारी बसलो. आत उडी टाकली तर आपुनबी टाकायची, आसं ठरवून बसलो व्हतो. तसं परत एकदा बसायची ताकद न्हाय माज्यात. म्हनून म्हन्लं व्हतं.” ते थांबले. मग शून्याकडे बघून हळूच म्हणाले, “आता बगा. म्या म्हन्लंच व्हतं.” त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण दुःखाच्या खाली काहीतरी मोकळं झालं होतं, दीड वर्ष ज्याची वाट बघत होते ते एकदाचं आलं म्हणून. जमतंय न्हवं? न्हाय जमलं तरी काय बिघडत न्हाय. मी सगळं उलटं वाचलं होतं. चहासुद्धा. त्या दिवशी दत्तोबानं परत नेलेली किटली मला दिसली आणि आत्याचा आवाज कानात आला. शब्द खाली पडला होता. माझ्यापायी पडला होता. मला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ सरळ राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बापानं माझ्यासाठी वशिला लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं. मला जमेल असं त्याला वाटलंच नव्हतं, आणि मी स्वतःच्या हातानं त्याला पुरावा आणून दिला होता.

“दीड वर्ष हिचा पेपर मी सगळ्यात शेवटी तपासते,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या मला थकलेल्या दिसल्या. “तुमचं ऐकायला हवं होतं की काय, या भीतीनं. परवा तोंडातून निघून गेलं, वाटलंच. बरं वाटलं म्हणून. आणि लगेच हे.” त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला, स्वतःचं पेन दिलं. “दुसरा प्रश्न. आत्ता. आणि या वेळी चिन्हं जिथली तिथं ठेव.” मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. मी टेबलाच्या कडेला वाकले. प्रश्न मला पाठ होता. मी समीकरण लिहिलं आणि हात थांबला. आप्पा बघत होते. त्यांच्या नजरेत दया होती, दादाकडे बघताना असते तीच, आणि त्या नजरेखाली ती पहिली ओळ मला चुकलेली वाटायला लागली. अधिक की उणं? मला खरंच आठवेना. दिगंबरचं रबर आठवलं. एवढंसंच लागतं तर, मला वाटलं. कुणीतरी आपल्याकडे असं बघितलं की झालं. “ऱ्हाऊ द्या, बाई,” आप्पा म्हणाले. “दमली आसंल पोरगी.”

ते किती मायेनं म्हणाले होते! त्यानंच हात हलला. मी दुसरी ओळ लिहिली, तिसरी लिहिली, मुळं काढली, वजन सोडलं, ते खाली आलं, वर गेलं, आणि प्रत्येक झोक्याला थोडं थोडं कमी होत गेलं, तसंच ते होतं. शेवटून दुसऱ्या पायरीवर मी क्षणभर थांबले आणि उणं उणंच ठेवलं. खाली रेघ मारली. मॅडमनी कागद घेतला नाही. आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला, उलटा होता तो सुलटा केला, आणि त्यातलं काही कळत नसतानाही वरपासून खालपर्यंत बघितला. “बरूबर हाय का?” त्यांनी मॅडमना विचारलं. “मला काय विचारता? तिला विचारा,” मॅडम म्हणाल्या. आप्पा माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला जमतंय का, जेवलीस का, पैसे हवेत का, सगळं विचारलं होतं. हे कधी विचारलं नव्हतं.

“बरूबर हाय का गं?”

“हाय,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, सवयीप्रमाणे, खरं पटलंय की पोरीचं मन राखतायत ते शोधत. काही कळलं नाही. मग त्यांनी कागद घडी न घालता टेबलावर ठेवला, टोपी डोक्यावर बसवली आणि हात पुढं करून कप ओढून घेतला. चहावर केव्हाची साय धरली होती. दारातून दत्तोबा म्हणाला, “गार झाला आसंल, दुसरा आनतो.” आप्पांनी मान हलवून नको म्हटलं, बोटानं साय बाजूला केली आणि तो गार चहा बशीत ओतून सगळा प्यायले.